जर्मनच्या बाईंना, ‘मासे मेन्श’च्या निमित्ताने

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

जर्मन नाटककार अर्न्स्ट टोलरच्या ‘मासे मेन्श’ या नाटकाची मराठी वाचनसंहिता पुरी झाली. तिची पानं तुम्ही पेन्सिलीने भरून काढलीत, त्याबद्दल हे आभार. जाहीर अशासाठी, की पुढे कुणी टोलरला हात घातला तर तुमच्या दुरुस्त्या त्याच्याही कामी याव्यात.

पहिली खूण परिचयाच्या मजकुरावर होती. टोलर म्हणजे ‘बव्हेरियाच्या सोव्हिएत राजवटीचा प्रमुख’ या एका वाक्यात बरंच काही कोंबलं गेलं होतं. बव्हेरियाचा पंतप्रधान कुर्ट आइस्नरचा खून २१ फेब्रुवारी १९१९ ला झाला. ७ एप्रिलला म्युनिकमध्ये कामगार-सैनिकांच्या परिषदांचं, म्हणजे सोव्हिएतांचं, प्रजासत्ताक जाहीर झालं आणि पंचविशीतला टोलर त्याच्या मध्यवर्ती परिषदेचा अध्यक्ष झाला. तेही जेमतेम आठवडाभर. १३ एप्रिलनंतर सूत्रं ऑयगेन लेविनेच्या कम्युनिस्टांकडे गेली आणि टोलर डाखाउच्या आघाडीवर. ३० एप्रिलला लुइटपोल्ड शाळेत ओलिसांना गोळ्या घातल्या गेल्या, त्याला टोलरचा विरोध होता. हे ठाऊक नसेल तर पाचव्या चित्रातलं (प्रवेशातलं) नायिका ‘स्त्री’ आणि क्रांतीसाठी हिंसा मागणारा ‘निनावी’ यांचं भांडण नुसता वाद होऊन बसतं.

दुसरी खूण ‘सक्तमजुरी’वर. शिक्षा पाच वर्षांची होती, पण राजकीय गुन्हेगारांना दिली जाणारी किल्ल्यातली कैद होती. पुस्तकं आणि लिहिणं त्यामुळेच शक्य झालं. नाटकाचा पहिला खर्डा ऑक्टोबर १९१९ मधला. १५ नोव्हेंबर १९२० ला न्युरेंबर्गमध्ये पहिला प्रयोग झाला, पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये युर्गेन फेलिंगने ते बसवलं आणि लेखकाला दोन्ही पाहता आले नाहीत.

सात चित्रांपैकी दुसरं, चौथं, सहावं स्वप्नचित्र. आपल्याकडे लगेच निळा प्रकाश आणि बासरी. तुम्ही उलटी सूचना दिलीत: स्वप्नं रोखठोक वाचा. शेअरबाजाराचे दलाल लढाईच्या समभागांवर बोली लावतात, शेवटी फॉक्सट्रॉट नाचतात. भाव सांगणाऱ्याच्या कोरड्या आवाजातच ते भेसूर लागतं. वास्तव चित्रंही दिवाणखानी नाटकासारखी नकोत, हे तर टोलरनेच फेलिंगला लिहिलं होतं.

भाषेचं सगळ्यात अवघड. जर्मनमध्ये उपपदं गाळली की वाक्याला झटका बसतो. मराठीत उपपदच नाही, मग गाळणार काय? ‘आहे’ गाळून भागत नाही, ते आपण बोलताना एरवीही गाळतो. तुमचा तोडगा क्रियापद पुढे आणण्याचा होता: ‘यंत्रं मोडा’ऐवजी ‘मोडा यंत्रं!’ मात्र दर ओळीला तसं केलं की घोषणांचा फलक होतो, म्हणून निनावीच्या तोंडीच जास्त ठेवलं. ‘मासे’साठी ‘जमाव’ नको, त्यात तुच्छता येते. ‘जनता’ नको, त्यात निवडणूक येते. ‘समूह’ राहिला. शीर्षकात ‘मासे’ (समूह) आणि ‘मेन्श’ (माणूस) यांच्यामध्ये ‘आणि’ किंवा ‘विरुद्ध’ घातलं की टोलरने उघडा ठेवलेला प्रश्न आपणच सोडवून मोकळे होतो, हेही तुमचंच.

नवराबायको जर्मनमध्ये एकमेकांना ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणतात. ‘अहो’ लिहिलं असतं तर सरकारी नवऱ्याला नाकारणारी ही स्त्री पहिल्याच चित्रात वाकली असती. म्हणून ‘तू’. या पात्रामागे खरीखुरी झोन्या लेर्ख आहे, जानेवारी १९१८ च्या संपात पकडलेली आणि श्टाडेलहाइमच्या तुरुंगात जीव दिलेली, ही तळटीपही तुमच्यामुळे आली.

ब्रुसेल्सला १९२७ मध्ये नेहरू आणि टोलर भेटले होते. त्यावर परिच्छेद लिहायचा मोह तुम्ही एका ओळीवर आणलात. बरं झालं.

राहिलं शेवटचं वाक्य. स्त्रीच्या कोठडीतल्या वस्तू उचलणाऱ्या दोन कैदी बायका गोळीबार ऐकतात, वस्तू खाली ठेवतात आणि एक दुसरीला ‘श्वेस्टर’ (बहीण) म्हणून विचारते, आपण हे का करतो? ‘बहिणी’ पुस्तकी, ‘ताई’ने उगाच वय ठरतं. तुम्ही समासात ‘बये’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवलंत. आम्ही प्रश्नचिन्ह खोडलं, ‘बये’ ठेवलं.

आपले,
वाचनगटातील सर्वजण