आई-बाबा, मला ताप आला नव्हता

प्रिय आई-बाबा,

गेल्या आठवड्यात मला ताप नव्हता. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. आई, तू चार दिवस सकाळ-संध्याकाळ फोन करून 'आता किती आहे?' असं विचारत होतीस आणि मी आकडे सांगत होते. शंभर. नव्याण्णव पॉइंट चार. आज उतरलाय. ते सगळे आकडे मी मनाने रचले. थर्मामीटर कपाटातून काढलासुद्धा नव्हता.

भुरी गेली. रविवारी रात्री. सोमवारी मी ऑफिसला गेले, मंगळवारपासून चार दिवस रजा घेतली आणि ऑफिसात रजेचं कारण खरं सांगितलं. खोटं फक्त तुम्हाला सांगितलं. तेच जास्त लागून राहिलंय, म्हणून फोन न करता लिहितेय. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी पुन्हा एखादा आकडा सांगून मोकळी होईन.

तिच्या हृदयाचं दुखणं तुम्हाला ठाऊक होतं, पण ते किती होतं हे मी कधी नीट सांगितलं नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हे खूप आढळतं. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड होत जाते, नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त पुढे जायच्या ऐवजी मागे गळतं. मागे गळलेल्या रक्ताचा दाब फुफ्फुसांवर येतो आणि मग तिथे पाणी साठायला लागतं. गोळ्यांनी हे पुष्कळ दिवस आटोक्यात राहतं, बरं मात्र होत नाही.

डॉक्टरांनी मला एक काम दिलं होतं. ती गाढ झोपली की मिनिटाला किती श्वास घेते ते मोजायचं. छाती वर जाऊन खाली आली की एक. तीस सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायची. झोपेत तीसच्या आत असतील तर ठीक, सारखे तीसच्या वर जायला लागले तर वेळ न घालवता फोन करायचा. दिवा लावला की ती जागी व्हायची, म्हणून मी अंधारातच मोजायचे. तिच्या बरगडीवर केसांचा एक उलटा भोवरा होता. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तेवढाच दिसायचा. तो हलला की एक. चौदा महिने रोज रात्री मी हे केलं. वही आहे माझ्याकडे. २२, २४, २२, २६, २४. नुसते आकडे, बाकी काही नाही. पण ती वही उघडली की कुठली रात्र कशी गेली ते मला आठवतं.

रविवारी ५८ होते. पाणी काढायचं इंजेक्शन देऊनही खाली येईनात. तिला आडवं होता येत नव्हतं. पुढचे पाय फाकून, मान लांब करून नुसती उभी होती आणि डोळे माझ्यावर. डॉक्टर म्हणाले, आज रात्री ऑक्सिजनवर काढता येईल, पण उद्या पुन्हा हेच, आणि हे तिच्यासाठी गुदमरणं आहे. निर्णय तुमचा.

बाबा, निर्णय माझा होता. कागदावर सही मी केली.

आधी गुंगीचं इंजेक्शन देतात आणि मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. तिला काही दुखलं नाही, याची मला खात्री आहे. गुंगी चढल्यावर कित्येक दिवसांनी ती पहिल्यांदा आडवी झाली, डोकं माझ्या पावलावर टेकून. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की डोळे उघडेच राहतील, आणि हृदय थांबल्यावरही कधी कधी एखादा श्वास आल्यासारखा दिसतो, तो श्वास नसतो, घाबरू नका. तसा तो आला. भोवरा हलला. मी मोजला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला का गेले, हे मलाही धड सांगता येत नाही. घरात थांबवत नव्हतं, एवढं खरं. दुपारची तिची एक गोळी शेजारच्या मावशी द्यायच्या आणि त्यांना आठवण करायला माझ्या फोनवर रोज दोनचा गजर असायचा. सोमवारी दोन वाजता मी मीटिंगमध्ये होते. फोन टेबलावर होता. गजर झाला आणि स्क्रीनवर आलं: 'भुरी, गोळी'. मी 'एक मिनिट' म्हणून उठले, बाहेर गेले, मावशींना फोन लावला. सवयीने. त्यांनी उचलला, 'हॅलो' म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघीही काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, 'घरी ये गं.'

मी परत आत गेले आणि साहेबांना जसं होतं तसं सांगितलं. म्हटलं, काल माझी कुत्री गेली आणि मला काम जमत नाहीये, चार दिवस हवेत. ते क्षणभर गप्प राहिले आणि 'घ्या' म्हणाले. अडलं ते अर्जात. रजेचा प्रकार निवडायचा असतो. 'कुटुंबातील निधन' निवडलं की खाली 'मृताशी नाते' अशी चौकट येते. आई, वडील, पती, मूल, भाऊ, बहीण. त्या यादीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसले होते. शेवटी अर्जित रजा टाकली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'माझी कुत्री वारली.' दुसरं काही लिहिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. पण तिच्या बाबतीत तेवढी एक ओळ तरी खरी असावी असं वाटलं.

मग तुम्हालाच का खोटं? काकांचा मुलगा त्याची मांजर गेली तेव्हा दोन दिवस कामावर गेला नव्हता, आठवतंय? आपण सगळे घरी बसलो होतो आणि बाबा, तुम्ही म्हणालात, 'जनावरासाठी रजा? रजा अडीअडचणीला लागते.' आई हसली. मीही हसले. तेव्हा भुरी माझ्या घरात यायची होती, आणि मांजर जाणं ही रजा घेण्याजोगी अडचण असेल असं मलाही वाटलं नव्हतं. तुमच्यावर राग म्हणून हे लिहीत नाही. बाबा, तुम्ही नोकरीत एकेक दिवस रजा साठवलीत. माझी शाळा, आजीचं ऑपरेशन, सगळं त्या साठवलेल्या दिवसांवर निभावलं. रजेचा हिशेब तुमच्याइतका कुणी प्रामाणिकपणे केला नसेल. म्हणूनच माझे चार दिवस तुमच्या वहीत वाया गेल्याचे म्हणून लागतील याची भीती वाटली. (त्या भावाला मी परवा फोन केला. माफी मागितली. तो म्हणाला, मला तर तुम्ही हसलात हे माहीतच नव्हतं. मग अर्धा तास आम्ही त्याच्या मांजरीबद्दल बोललो.)

त्या चार दिवसांत मी काय केलं ते तुम्हाला सांगायचंय. रडण्यासाठी रजा लागत नाही, रडू ऑफिसच्या बाथरूममध्येही आवरून घेता येतं. रजा लागली ती रविवारची रात्र पुन्हा पुन्हा उलगडायला. शनिवारी श्वास ३४ होते, तेव्हाच नेलं असतं तर? एक रात्र ऑक्सिजनवर ठेवलं असतं तर? की उलट, आठवडाभर आधीच सोडवायला हवं होतं आणि मी माझ्यासाठी तिला ओढत राहिले? माणसाच्या बाबतीत हा प्रश्न बहुतेक वेळा आपल्यापुढे येत नाही, जे व्हायचं ते होतं. जनावराच्या बाबतीत वेळ आपण ठरवतो, आणि तिला विचारायची सोय नसते. हे मनात फिरत असताना मी कुणाच्या हिशेबाचे आकडे तपासत बसले असते, तर चुका केल्या असत्या. सोमवारी केल्याही होत्या, दोन.

पहिला दिवस झोपण्यात गेला. दुसऱ्या दिवशी फरशीवरच्या चटया गुंडाळल्या. ती घसरू नये म्हणून पलंगापासून दारापर्यंत मी त्या अंथरल्या होत्या. अर्ध्या गुंडाळल्या आणि पुन्हा पसरल्या. तिसऱ्या दिवशी न फोडलेल्या गोळ्यांची पाकिटं दवाखान्यात देऊन आले, दुसऱ्या कुणाच्या तरी कुत्र्याला लागतील. तिथे डॉक्टरांना पुन्हा सगळं विचारलं. शनिवारचे ३४, रविवारचे ५८. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं आणि सांगितलं की शनिवारी आणलं असतं तर कदाचित तीन-चार दिवस मिळाले असते, आणि ते दिवस असेच गेले असते. हे उत्तर ऐकायला कामाचा दिवस सोडून जावंच लागलं असतं.

कुणी कुणी समजूत घातली. एकीने दुःखाच्या पाच पायऱ्यांचा मेसेज पाठवला, आता राग येईल, मग स्वीकार येईल वगैरे. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचा तो जिना नव्हे, आणि मला तरी कुठली पायरी लागली नाही. मला जास्त उपयोग झाला तो केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाच्या म्हणण्याचा. १९८९ मध्ये त्यांनी लिहिलं की काही दुःखं अशी असतात ज्यांना आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मानतच नाहीत, आणि त्यामुळे ती उघडपणे करताही येत नाहीत. पाळलेला प्राणी जाणं हे त्यांतलंच एक. वाचताना मला ती 'मृताशी नाते' विचारणारी चौकट आठवली.

आणि बाबा, तुम्हाला जुन्या गोष्टी आवडतात म्हणून ही एक. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत एक दफन सापडलं, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा. कुत्रा म्हणजे सात महिन्यांचं पिल्लू. २०१८ मध्ये संशोधकांनी त्याच्या दातांवरच्या खुणांवरून दाखवलं की त्याला लहानपणी डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा एक गंभीर रोग, झाला असावा. हा रोग झालेलं पिल्लू सहसा वाचत नाही. हे काही आठवडे जगलं, म्हणजे कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, पुसून स्वच्छ ठेवलं. शिकारीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शेती अजून कुणी करत नव्हतं, रोजचं पोट रोज भरायचं, अशा काळात कुणीतरी कामावर न जाता त्या पिल्लापाशी बसलं असणार. मी हे रात्री दोन वाजता वाचलं आणि मला खूप बरं वाटलं.

इटलीतही रोममधल्या एका विद्यापीठातल्या कर्मचारी बाईंना २०१७ मध्ये कुत्र्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवसांची पगारी रजा मिळाली होती. एकट्या राहत होत्या, कुत्र्याला बघायला दुसरं कुणी नव्हतं. दोनच दिवस, पण त्यासाठी त्यांना भांडावं लागलं. मला भांडावं लागलं नाही, माझी स्वतःची शिल्लक रजा होती. ज्यांच्याकडे ती नसते, जे रोजावर काम करतात, ते दुसऱ्या दिवशी सकाळी तसेच कामाला लागतात. त्यांचा विचार त्या चार दिवसांत माझ्या मनातून गेला नाही.

मी आता कामाला लागलेय. बरी आहे. रात्री अजून जाग येते आणि खिडकीच्या उजेडात भोवरा शोधते. दोनचा गजर मी काढलेला नाही. वाजू देते. मावशी त्या वेळी कधी कधी फोन करतात.

आता तुमच्याकडचं. आई, मागच्या महिन्यात तू सहज म्हणालीस की बोका हल्ली सारखा पाण्याच्या भांड्यापाशी असतो. तेव्हा मी भुरीच्या गडबडीत होते, लक्ष दिलं नाही. अकरा वर्षांचं मांजर जास्त पाणी प्यायला लागलं, जास्त लघवी करायला लागलं, तर ते मूत्रपिंडाचं, मधुमेहाचं किंवा थायरॉइडचं असू शकतं. मूत्रपिंडाचं तर बरंचसं काम बंद पडेपर्यंत वरून काहीच दिसत नाही. रक्त आणि लघवी दोन्ही तपासून घ्या, याच आठवड्यात. लवकर कळलं तर आहार बदलून, औषधं देऊन पुष्कळ दिवस चांगले जातात. बाबा, 'तो माझा नाही, आपला येऊन बसतो' असं तुम्ही गेली अकरा वर्षं म्हणताय आणि गेली अकरा वर्षं तुम्ही खुर्चीच्या अर्ध्याच भागावर बसताय. दवाखान्यात तुम्हीच न्या. तुमच्या हातात तो शांत राहतो. रिपोर्ट आले की मला फोटो पाठवा.

आणि त्याला काही झालं, तर मला त्याच दिवशी कळवा. तुम्हाला आता रजेचा अर्ज करावा लागत नाही, मला करावा लागेल. मी करेन. कारण काय लिहायचं ते मला आता माहीत आहे.

तुमची,
ताई