प्रत्येक मैदानावर ती पेटी हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मैदानावर हृदय थांबूनही वाचलेला डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन याच्याविषयीचं टिपण आपल्या क्रीडा पानावर वाचलं. मजकूर मनापासून आवडला, पण शीर्षकातला ‘चमत्कार’ हा शब्द खटकला. माझी तीस वर्षं कोल्हापुरात फुटबॉल खेळण्यात आणि पोरांना शिकवण्यात गेली, म्हणून लिहायला बसलो. कोपनहेगनमध्ये त्या दिवशी सगळं दैवावर सोडलं असतं, तर एरिक्सन आज हयात नसता.

१२ जून २०२१. युरो स्पर्धेतला डेन्मार्क-फिनलंड सामना, पार्केन स्टेडियम. पूर्वार्ध संपत आला होता. थ्रो-इनचा चेंडू घ्यायला पुढे झालेला २९ वर्षांचा एरिक्सन एकदम तोंडावर कोसळला. कुणाचा धक्का नाही, पायात पाय नाही. मैदानावर आयुष्य काढलेल्या माणसाला अशा वेळी पोटात गोळा येतो, कारण साधा पडणारा खेळाडू आपोआप हात टेकतो. एरिक्सनने हात टेकले नव्हते. रेफरी अँथनी टेलर यांनी लगेच खेळ थांबवून डॉक्टरांना आत बोलावलं. कर्णधार सिमोन किएर धावत त्याच्यापाशी पोचला. डॉक्टर आले तेव्हा श्वास चालू होता, नाडीही लागत होती. बघता बघता ती गेली. मग छातीवर दाब देणं सुरू झालं, डिफिब्रिलेटर (थांबलेल्या हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) आला आणि एका शॉकनंतर हृदय पुन्हा चालू झालं. संघाचे डॉक्टर मॉर्टन बोसन यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, तो गेलाच होता.

सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं होतं, कॅमेऱ्याने त्याला टिपू नये म्हणून. बरेचसे त्याच्याकडे पाठ करून उभे होते आणि काहींच्या गालांवरून पाणी वाहत होतं. फिनलंडच्या प्रेक्षकांनी आपले झेंडे आडोशाला दिले. ते दृश्य आठवलं की आजही गळा दाटून येतो.

पण मला ते दृश्य आणखी एका कारणाने छळतं. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका गावी उन्हाळी स्पर्धेत समोरच्या संघातला सतरा वर्षांचा मुलगा असाच पडला. चेंडू त्याच्यापासून वीस पावलांवर होता. आम्ही सगळे धावलो आणि आम्हीही त्याच्याभोवती कडं केलं. फरक एवढाच की आत काहीच चाललं नव्हतं. कुणी म्हणालं फिट आली, कांदा आणा. कुणी चप्पल नाकाशी धरली. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, मी त्याच्या तोंडावर पाणी मारत होतो. मध्येच तो घशातून घरघर करत मोठा श्वास ओढायचा आणि आम्ही म्हणायचो, आहे, आहे, श्वास आहे. तो श्वास नव्हताच. हृदय बंद पडल्यावरही काही वेळ अशी घरघर होते, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी एका शिबिरात कळलं. त्याला जीपमध्ये घातलं. दवाखाना वीस मिनिटांवर होता. तो परत आला नाही.

हृदय अचानक थांबलं की शॉक मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. आमची जीप वीस मिनिटं धावत होती. गणित करवत नाही.

डेन्मार्कमध्ये हे शहाणपण एका रात्रीत आलं नाही. तिथे २००५ पासून शाळेत आणि २००६ पासून वाहन परवाना काढताना सीपीआरचं, म्हणजे छातीवर दाब देऊन जीव वाचवण्याचं, प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचं आहे. २००१ मध्ये दवाखान्याबाहेर हृदय थांबलेल्या पाचांपैकी जेमतेम एकाला आसपासच्या लोकांकडून सीपीआर मिळत होता. २०१० पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या जवळ गेलं आणि महिनाभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण सुमारे तिप्पट झालं.

एरिक्सनच्या छातीत नंतर आयसीडी बसवला. हृदयाची लय बिघडली तर आतूनच शॉक देणारं हे छोटंसं यंत्र. इटलीच्या नियमांत ते बसत नसल्याने इंटर मिलानशी त्याचा करार संपुष्टात आला. तरी २५९ दिवसांनी, २६ फेब्रुवारी २०२२ रोजी, तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडून मैदानात उतरला. आणि ज्याच्या जागी उतरला तो मॅथियस येन्सन, म्हणजे कोपनहेगनमध्ये त्या संध्याकाळी एरिक्सनच्या जागी खेळायला आलेला खेळाडू! पुढच्याच महिन्यात त्याच पार्केनवर एरिक्सनने सर्बियाविरुद्ध गोल केला. २०२४ च्या युरोत स्लोव्हेनियाविरुद्ध गोल केला, तेव्हा तो कोसळला त्या दिवसाला १,१०० दिवस झाले होते.

अंगावर डेन्मार्कची १० नंबरची जर्सी. १० नंबर म्हटलं की मला गोव्याच्या डेम्पोचा क्रिस्तियानो ज्युनियर आठवतो. ५ डिसेंबर २००४, बंगळुरू, फेडरेशन चषकाची अंतिम लढत. मोहन बागानविरुद्ध गोल करतानाच गोलरक्षकाशी धडक झाली आणि हा २५ वर्षांचा ब्राझिलियन मैदानात कोसळला; तो वाचला नाही. डेम्पोने ती जर्सी कायमची बाजूला ठेवली. आपल्याकडे जर्सी निवृत्त होते. मला खेळाडू घरी गेलेला बघायचा आहे.

शाहू स्टेडियमवर सामना असला की दुपारपासून पेठा ओस पडतात. बाहेरचा खेळाडू आणायला आमच्याकडे रातोरात वर्गणी निघते. त्याच जिव्हाळ्याने एक एईडी, म्हणजे कुणालाही वापरता येईल अशी डिफिब्रिलेटरची पेटी, घेता येणार नाही का? ती पेटी उघडली की स्वतः बोलून काय करायचं ते सांगते, आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पेटी येईपर्यंत दोन हात पुरतात: छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल. मी आता मोसम सुरू होण्याआधी आमच्या पोरांकडून हे करून घेतो. सर्वांत धाकटा तेरा वर्षांचा आहे. त्याचं वजन कमी पडतं म्हणून तो गुडघ्यांवर उंच होऊन, कोपर ताठ ठेवून, मोठ्याने आकडे मोजत दाब देतो.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणं आहे. यंदा मोसमाचं वेळापत्रक छापाल, तेव्हा त्याच पानावर सीपीआरची चार चित्रं छापा. पान कापून प्रत्येक तालमीच्या भिंतीवर लावायची जबाबदारी माझी.

आपला,
एक माजी खेळाडू व प्रशिक्षक, कोल्हापूर