शंख-चक्रांवरून शरीरयष्टी कळत नाही

महोदय,

बोटांवरचे शंख-चक्र पाहून मूल पुढे सडपातळ होईल की पिळदार, आणि म्हणून त्याने कोणता खेळ निवडावा, हे सांगणारे अहवाल विकले जातात. कंगोऱ्यांची (बोटाच्या कातडीवरच्या उंच रेघांची) ही नक्षी गर्भात साधारण दहाव्या आठवड्यापासून उमटू लागते आणि चोविसाव्या आठवड्यापर्यंत कायम होते. त्या वेळी बोटाच्या टोकाची उशी फुगीर असेल तर चक्र, सपाट असेल तर कमान, एका अंगाला कललेली असेल तर शंख. स्नायू आणि चरबी मात्र आहार-व्यायामाने जन्मभर बदलत राहतात.

संबंध अजिबात नाही, असेही नव्हे. मूल वाढते तसे कंगोरे रुंदावतात. त्यांची संख्या तीच राहते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात ठशांच्या नक्षीशी निगडित ४३ जनुकीय जागा सापडल्या. त्यांतल्या बऱ्याच हातापायांच्या घडणीशी संबंधित होत्या. दोन्ही करंगळ्यांवर चक्र असणाऱ्यांची करंगळी तुलनेने लांब असते, असेही त्यात दिसले. पण करंगळीची लांबी म्हणजे शरीरयष्टी नव्हे!

ज्यांना खरोखर ताडून पाहायचे आहे, त्यांनी बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवून ठसा घ्यावा. नुसते दाबले तर कडेचा तिठा (तीन दिशांचे कंगोरे भेटतात ती जागा) सुटतो आणि मोजणीच फसते. शाई जास्त झाली की खाचा बुजतात. नक्षीच्या मध्यापासून तिठ्यापर्यंत रेघ ओढून ती छेदणारे कंगोरे मोजावेत, दोन्ही टोके सोडून. कमानीची मोजणी शून्य धरायची. चक्राला दोन तिठे असतात, म्हणून दोन्हींपर्यंत मोजून मोठा आकडा घ्यायचा. दहा बोटांची बेरीज म्हणजे कंगोऱ्यांची एकूण संख्या.

शरीरयष्टीही नजरेने ठरवू नये. हीथ-कार्टर पद्धतीत उंची, वजन, चार ठिकाणची त्वचेची घडी, कोपर व गुडघ्याजवळच्या हाडांची रुंदी, दंड व पोटरीचा घेर अशी दहा मापे लागतात.

तरीही एक सापळा उरतोच. दहा बोटे, तीन नक्ष्या आणि शरीरयष्टीचे तीन घटक (चरबी, स्नायू, सडपातळपणा) मिळून ९० तुलना होतात. पाच टक्क्यांची कसोटी (निव्वळ योगायोगाने संबंध दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तर तो खरा मानणे) लावली, तर काहीच संबंध नसतानाही सरासरी चार-पाच ‘शोध’ हाती लागतात. अहवाल विकणाऱ्यांनी किती तुलना केल्या आणि त्यांतल्या किती छापल्या, एवढे तरी सांगावे.

— एक वाचक