नातीचं पहिलं मत बुडालं, त्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनच्या 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या निकालावरचा कालचा अग्रलेख वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितो आहे. 'मजूर पक्षाची लाट' कुठे दिसली आपल्याला? 2019 मध्ये याच पक्षाला 32 टक्के मतं आणि 202 जागा मिळाल्या, तेव्हा त्याला दारुण पराभव म्हटलं गेलं. यंदा मतं जेमतेम 34 टक्के, जागा मात्र 411. मतांचा आकडा तर पाच लाखांहून जास्तच घटला आहे. हुजूर पक्षाची मतं रिफॉर्म या उजव्या पक्षाने फोडली, त्यात मजूर पक्षाचं फावलं. त्या रिफॉर्मला 14 टक्के मतांवर पाच जागा, आणि लिबरल डेमोक्रॅट्सना 12 टक्क्यांवर 72!

पण मला खरं लागलं ते 'तिथलं मतदान किती सुटसुटीत' हे वाक्य. गुरुवारी मी एकोणीस वर्षांच्या नातीला घेऊन मतदानाला गेलो. तिचं पहिलंच मत, सकाळपासून तयार होऊन बसली होती पोर. टेबलापाशी मी माझा ज्येष्ठांचा बसपास दाखवला, लगेच मतपत्रिका हातात. तिने विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं, चालणार नाही. रेल्वेचा सवलतीचा पास दाखवला, तोही चालणार नाही. दोन्हींवर तिचा फोटो, यादीत तिचं नाव, शेजारी मी आजोबा उभा! मुदत संपलेला पासपोर्टसुद्धा चालला असता, पण तो नूतनीकरणासाठी पाठवलेला. मतदार ओळखीच्या मोफत प्रमाणपत्राच्या अर्जाची मुदत 26 जूनलाच संपलेली. टेबलामागच्या बाई बिचाऱ्या दोनदा 'सॉरी' म्हणाल्या. त्यांचा काय दोष? नियमच तसा. इंग्लंडात 2023 च्या मे महिन्यापर्यंत नुसतं नाव-पत्ता सांगून मत देता येत होतं. आपल्याकडे फोटोचं बँक पासबुकही चालतं. म्हाताऱ्याचा बसपास खरा आणि पोरीचा रेल्वेपास खोटा, हा कुठला न्याय? घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

आणखी एक. अग्रलेखात तीनदा 'इंग्लंडचे पंतप्रधान' छापलं आहे. इंग्लंडच्या 543 जागांखेरीज स्कॉटलंडच्या 57, वेल्सच्या 32 आणि उत्तर आयर्लंडच्या 18 जागा त्याच संसदेत आहेत. मजूर पक्षाचे स्टार्मर पंतप्रधान झाले ते ब्रिटनचे. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक जुना वाचक, लेस्टर