पोरगं किती लागून पडलं यावरून कार्ड ठरत नाही

मा. संपादक,

सध्या पुण्यात शाळांच्या फुटबॉल मॅचेस चालू आहेत, तुमच्या पेपरात स्कोअर येतो, गोल कोणी मारले ते येतं, आणि कुणाला रेड कार्ड (म्हणजे थेट मैदानाबाहेर) मिळालं असेल तर तेवढी एक ओळ येते. पण ते कशासाठी मिळालं हे कधीच नसतं. म्हणून हे पत्र, कारण टॅकलबद्दल, म्हणजे समोरच्याकडून बॉल काढून घ्यायला पाय घालतात त्याबद्दल, मैदानावर पालक आणि कोच लोक जे ओरडत असतात ते ऐकून मला खरंच काळजी वाटते.

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते "अहो रेफरी, बॉल खेळलाय त्यानी!" बरं, बॉल खेळला असेल, पण त्याच झपाट्यात समोरच्याच्या नडगीवर स्टड्स (बुटाच्या तळाचे टोकदार खुंट) घातले असतील तर तो फाउलच आहे आणि रेड सुद्धा होऊ शकतं. फुटबॉलच्या बाराव्या नियमात टॅकलच्या तीन पायऱ्या दिल्यात. लक्ष न देता, निष्काळजीपणे गेला तर नुसती फ्री किक, कार्ड नाही. समोरच्याला काय होईल याची पर्वा न करता घुसला तर यलो कार्ड, म्हणजे ताकीद. आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावला किंवा समोरच्याला गंभीर धोका होईल असा गेला तर रेड. मुद्दाम केलं की चुकून झालं हा प्रश्न यात कुठे येतच नाही, आणि फक्त मागून मारलं तरच रेड असंही काही नाही, समोरून, बाजूनी, एका पायानी, दोन पायांनी, सगळं त्यात आलं.

दुसरा गैरसमज मला जास्त डेंजर वाटतो, तो म्हणजे पोरगं विव्हळत पडलं की रेड आणि उठून पळायला लागलं की काही नाही. २०१० च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये नेदरलँड्सच्या डी याँगनी स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या थेट छातीवर स्टड्स घातले, रेफरी हॉवर्ड वेब यांनी यलो दिलं, अलोन्सो उठून पुढे खेळला. नंतर वेब यांनी स्वतः सांगितलं की मधे खेळाडू आल्यामुळे नीट दिसलं नाही, ते रेडच होतं. आता याच्या उलट २०१९ ची एव्हर्टन-टॉटनहॅम ही इंग्लंडमधल्या क्लब्सची मॅच घ्या. टॉटनहॅमच्या सोननी एव्हर्टनच्या आंद्रे गोमेसला मागून पाडलं, टॅकल काही फार भयंकर नव्हता, पण पडताना गोमेस दुसऱ्या खेळाडूवर आदळला आणि त्याचा घोटा मोडला. रेफरी यलो देत होते, दुखापत बघून रेड काढलं, आणि अपीलमध्ये ते रद्द झालं. म्हणजे ज्याचा पाय मोडला तिथे रेड टिकलं नाही, आणि ज्याला उठून खेळता आलं तिथे ते द्यायलाच हवं होतं!

मग रेफरी बघतो काय? किती लांबून आणि किती स्पीडनी आला, गुडघा वाकलेला आहे का पाय सरळ ताठ आहे, स्टड्स दिसतायत का, लागलं कुठे, बुटावर, घोट्यावर की गुडघ्यावर, आणि मुख्य म्हणजे त्याचा स्वतःच्या अंगावर ताबा होता का. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं, कारण ओल्या ग्राउंडवर स्लाइड मारली की पोरगं थांबतच नाही, दोन फूट अंदाज धरलेला असतो आणि जातं चार फूट. चिखल होता हे कारण चालत नाही, उलट चिखल दिसतोय तर जपून जायला हवं. शिनगार्ड सक्तीचे आहेत पण ते नडगी वाचवतात, गुडघा नाही.

अजून एक, हल्ली मॅच संपली की लोक मोबाईलवरचा स्लो मोशन व्हिडिओ घेऊन रेफरीच्या अंगावर जातात. असं करू नका प्लीज. व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला मदत करण्याच्या, नियमातच लिहिलंय की पाय नेमका कुठे लागला हे स्लोमध्ये बघायचं, पण जोर किती होता हे नॉर्मल स्पीडलाच बघायचं, कारण स्लोमध्ये साधा टॅकल पण खुनशी दिसतो. आणि वर्ल्ड कप फायनलच्या रेफरीला जे दिसलं नाही ते आपल्या मैदानावर बऱ्याचदा एकट्यानी शिट्टी वाजवणाऱ्या माणसाला, मागून शंभर लोक ओरडत असताना, दरवेळी दिसावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

तुमच्या क्रीडा पानाला विनंती की रेड कार्डची बातमी देताना टॅकल कसा होता ते एका वाक्यात लिहा, पोरं ते वाचतात. आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी पहिल्या मॅचच्या आधी दोन्ही टीमच्या मुलांना नि कोचना या तीन पायऱ्या रेफरीकडूनच समजावून द्याव्यात, आणि ट्रॉफीचा खर्च थोडा कमी झाला तरी चालेल पण निदान चौदा वर्षांखालच्या मॅचेसना दोन्ही बाजूंना शिकलेले लाइन्समन द्यावेत.

– एक फुटबॉलप्रेमी पालक, कोथरूड, पुणे