तारांखाली पाचट पेटवू नका

संपादक महोदय,

रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही (७ लाख ६५ हजार व्होल्ट) वीजवाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड (वीजजाळे) उर्वरित देशाशी एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडले गेले. एवढा मोलाचा सांधा आपल्या जिल्ह्यात असताना, ऊसतोडीनंतर अतिउच्चदाब तारांखालीच पाचट पेटवले जाते. ज्वाळा तारेला भिडाव्याच लागतात असे नाही. हवा तापते, धुरात काजळी मिसळते, हवेची रोधक्षमता घटते आणि तारेतून जमिनीकडे ठिणगी झेपावते. रिले (दोष हेरणारे उपकरण) सेकंदाच्या दहाव्या भागात ब्रेकर, म्हणजे वाहिनी तोडणारा स्विच, उघडतो. साधारण सेकंदभराने ऑटो-रीक्लोज ही स्वयंचलित यंत्रणा वाहिनी पुन्हा जोडून पाहते. वीज कोसळून आलेला दोष तोवर बहुधा निवळतो. पाचटाची आग मात्र जळतच असते, त्यामुळे वाहिनी बंदच राहते. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर पडतो. ३० जुलै २०१२ रोजी बिना-ग्वाल्हेर वाहिनी कोणताही दोष नसताना निव्वळ जादा भाराने बंद पडली आणि उत्तर भारत अंधारात गेला.

पाचटाची कुट्टी करून ती सरीतच ठेवावी. जमिनीचेही त्यातच भले आहे. साखर कारखान्यांनी उसाची नोंद घेतानाच तारांखालचे गट वेगळे टिपावेत, यादी पारेषण उपकेंद्राला द्यावी आणि तिथे तोडणीआधी कुट्टी यंत्राची सोय करावी.

– एक वाचक, सोलापूर