तेल सापडलेले आहे, पैसा चाचण्यांना द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

15 ऑगस्ट 2025 रोजी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातील तेल-वायू शोधाच्या राष्ट्रीय मोहिमेची घोषणा झाली. तेव्हापासून तेलाचा विषय निघाला की बोलणे नव्या शोधाकडेच वळते. शोध हवाच, त्याला आमचा विरोध नाही. पण अरबी समुद्रातील मुंबई हाय या तेलक्षेत्राचा शोध 1974 मध्ये लागला, 1976 पासून तिथून तेल निघते आहे आणि इतक्या वर्षांनंतरही मूळ साठ्यातील निम्म्याहून कितीतरी अधिक तेल खडकातच आहे. देशातल्या बहुतेक जुन्या क्षेत्रांची हीच गत आहे. साधारणपणे तीस टक्क्यांच्या आसपास तेल हाती लागते, उरलेले खडकाच्या बारीक छिद्रांत अडकून राहते. ते काढायच्या पद्धतींवर सरकार किती खर्च करते आणि तो कोणत्या टप्प्यावर करते, याबद्दल हे पत्र आहे.

केंद्राचे यासाठी धोरणच नाही असे नाही. वाढीव तेलप्राप्तीचे धोरण 2018 मध्ये आले. एखाद्या क्षेत्रात प्रगत पद्धती वापरून जे जादा तेल निघेल, त्यावरील उपकरात निम्मी सूट मिळते आणि जादा वायूवरील स्वामित्वधनात (रॉयल्टीत) 75 टक्के. तेलप्राप्तीचे प्रमाण पाच टक्क्यांनी वाढले तर वीस वर्षांत 12 कोटी टन जादा तेल मिळेल, असा सरकारचाच तेव्हाचा अंदाज होता. म्हणजे वर्षाला सरासरी 60 लाख टन. देशाचे आजचे उत्पादन वर्षाला 2.9 कोटी टनांच्या आसपास आहे. त्याचा हा पाचवा हिस्सा झाला.

सूट कमी आहे असेही नाही. कच्च्या तेलावरील उपकर किमतीच्या 20 टक्के आहे. बॅरल 70 डॉलरला धरले तर उपकर 14 डॉलर, सूट 7 डॉलर. अडचण वेगळी आहे. ही सूट तेल बाहेर पडल्यावर मिळते. त्याआधीची प्रयोगशाळा, पथदर्शी चाचणी आणि तिचे विश्लेषण यांत चार-पाच वर्षे सहज जातात, आणि चाचणी फसली तर तो सगळा खर्च कंपनीच्या माथी. जोखीम जिथे सर्वांत जास्त, तिथे सरकार नाही.

हा टप्पा टाळता का येत नाही, हे मुंबई हाय आणि राजस्थानचे मंगला शेजारी ठेवले की कळते. बाडमेरच्या मंगला क्षेत्रातील तेल मेणचट आणि जाड, साठ्यातदेखील पाण्याच्या दहा ते वीस पट दाट. तेल पुढे ढकलायला नुसते पाणी सोडले तर ते तेलाला बगल देऊन सरळ उत्पादन विहिरीत घुसते. म्हणून तिथे पाण्यात पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड हा पॉलिमर (लांब साखळीचे रसायन) मिसळून त्याला खळीसारखा दाटपणा आणतात आणि ते पाणी तेलाला पुढे रेटते. साठ्याचे तापमान 65 अंशांच्या आसपास, वापरायचे पाणी फारसे खारे नाही, त्यामुळे पॉलिमर टिकतो. 2009 मध्ये उत्पादन सुरू झाले, त्यानंतर चाचणी झाली आणि 2014-15 पासून पूर्ण क्षेत्रात पॉलिमर सोडला जाऊ लागला.

हेच औषध मुंबई हायला लागू पडणार नाही. तिथले तेल मुळात पातळ आहे. खडक चुनखडीचा, तापमान शंभर अंशांच्या वर आणि हाताशी असते ते समुद्राचे पाणी, लिटरला 35 ग्रॅम क्षारांचे. एवढ्या उष्णतेत नेहमीच्या पॉलिमरचे जलविघटन होते आणि पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग होऊन त्याचा साका बसतो. विहिरीच्या तोंडाशीच खडक बुजला तर असलेले उत्पादनही गमवाल. तिथला खरा प्रश्न दोन गोष्टींचा आहे. चुनखडीतील मोकळ्या वाटांनी पाणी पळते, आणि अशा खडकांना तेल चिकटून राहते. पहिल्यासाठी त्या वाटा जेलने बुजवणे, जुन्या विहिरीतून आडवी शाखा काढणे, पाणी आणि वायू आलटून पालटून सोडणे हे उपाय आहेत. दुसऱ्यासाठी कमी क्षाराचे किंवा क्षारांचे प्रमाण बदललेले पाणी.

क्षार कमी करणे ऐकायला सोपे आहे. दिवसाला 10,000 घनमीटर पाणी गोडे करायचे तर घनमीटरला साधारण साडेतीन युनिट वीज धरून 35,000 युनिट लागतात, म्हणजे सुमारे दीड मेगावॅट अखंड. समुद्रातील तेल फलाटावर तेवढी वीज, जागा आणि वजन पेलायची ताकद आहे का, हे आधी बघावे लागते. क्षार अडवणाऱ्या पडद्यांच्या आधी पाच मायक्रॉनच्या गाळण्या लागतात, त्या तुंबतात. सूक्ष्म जीवांचा थर पडद्यावर धरला की दाब वाढतो आणि पाणी घटते. शिवाय सगळेच क्षार काढणे इष्ट नसते. सल्फेट काही चुनखडी खडकांतून तेल सोडवायला मदत करते, पण साठ्यातल्या पाण्यात बेरियम असेल तर त्याच सल्फेटची कठीण खपली नळीत बसते. काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे त्या साठ्याच्या कोअरवरच, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यावरच, ठरते.

कोअरची परीक्षा घाईत उरकली की पुढचे सगळे गणित चुकते. खडकाचा नमुना सॉल्व्हंटने धुतला की त्याला चिकटलेले तेल जाते आणि खडक तेलाऐवजी पाणी धरून ठेवू लागतो. मग त्यात त्याच साठ्याचे तेल भरून, साठ्याच्याच तापमानाला काही आठवडे मुरवावे लागते, तेव्हा कुठे तो पूर्ववत होतो. हा वेळ वाचवून शुद्ध केलेल्या तेलावर प्रयोग केले तर आकडे छान येतात. समुद्रात ते खरे ठरत नाहीत.

त्यानंतरची पायरी म्हणजे एकाच विहिरीतील ट्रेसर (माग काढणाऱ्या रसायनाची) चाचणी. पाण्याबरोबर थोडे एस्टर हे रसायन सोडायचे आणि विहीर काही दिवस बंद ठेवायची. एस्टरचा काही भाग खडकातच अल्कोहोलमध्ये बदलतो. विहीर पुन्हा चालू केली की अल्कोहोल पाण्याबरोबर सरळ परत येते, उरलेले एस्टर मात्र तेलात विरघळत असल्याने मागे रेंगाळते. दोघांच्या येण्यातल्या अंतरावरून त्या विहिरीभोवती किती तेल अडकले आहे ते काढता येते. आधी समुद्राच्या पाण्याने, मग कमी क्षाराच्या पाण्याने ही चाचणी केली की फरक पडतो का, हे काही आठवड्यांत समजते. दोन्ही आकडे सारखेच आले तर पुढचा मोठा खर्च वाचला. असा नकारार्थी निकालही पैसे मोजून घ्यावा असाच असतो. पण सूट जादा तेलावरच मिळत असल्याने तो घेण्यात कंपनीला काही हशील नाही.

जमिनीवरच्या चाचण्याही वाटतात तितक्या सोप्या नसतात. पॉलिमरचेच घ्या. दिवसाला 5,000 घनमीटर पाण्यात घनमीटरला दीड किलो या दराने साडेसात टन पूड लागते. पूड नीट भिजली नाही तर गाठी होतात आणि त्या विहिरीच्या छिद्रांत बसतात. पाण्यात प्राणवायू आणि लोह एकत्र आले तर पॉलिमरची साखळी तुटते, म्हणून टाक्यांवर नायट्रोजन ठेवतात. साध्या चोकमधून (प्रवाह आवळणाऱ्या झडपेतून) जोरात सोडले तरी साखळी तुटते आणि दाटपणा जागेवरच जातो. पुढे तोच पॉलिमर तेलाबरोबर वर आला की हीटरच्या नळ्यांवर थर धरतो आणि तेल-पाणी वेगळे करणे अवघड होते. गुजरातच्या मेहसाणा भागात बालोल-संथाल येथे जड तेलासाठी हवा सोडून साठ्यातच आग पेटवतात. तिथे हवेचा कॉम्प्रेसर बंद पडणे हीच मोठी भीती, कारण तेल-वायू हवेच्या विहिरीत उलटे शिरले तर स्फोट होऊ शकतो. हे सगळे संबंधित कंपनीच्या लोकांना ठाऊक असते. शेजारच्या क्षेत्रातील दुसऱ्या कंपनीला मात्र पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कोअरचे प्रयोग, ट्रेसर चाचणी आणि पथदर्शी प्रकल्प यांचा निम्मा खर्च केंद्राने उचलावा, तेल निघो वा न निघो. अट एकच: निकाल, फसलेल्या चाचण्यांचेसुद्धा, ठरावीक मुदतीत सर्वांसाठी खुले करावेत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 1990च्या दशकात साठ्यांचे वर्ग पाडून असाच कार्यक्रम चालवला होता. किमान निम्मा वाटा कंपनीचा आणि माहिती खुली. नॉर्वेने 1985 ते 1991 या काळात तेलप्राप्ती वाढवण्याचा सरकारी संशोधन कार्यक्रम राबवला. तिथे तेल कंपन्यांवरील कर एकूण 78 टक्के असल्याने वजावटीतून खर्चाचा मोठा भार तसाही सरकारकडेच जातो. तिथल्या एकोफिस्क क्षेत्रात, जिथे खडक खडूचा आहे, सुरुवातीला 17-18 टक्के तेल निघेल असे धरले होते. आधी चाचणी आणि मग 1987 पासून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडल्यावर तो अंदाज आता पन्नास टक्क्यांपुढे गेला आहे.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्नच नाही. तेल उद्योग विकास कायदा 1974 मध्ये झाला आणि उपकर बसला तो याच उद्योगाच्या विकासासाठी. तो जमा होतो केंद्राच्या संचित निधीत, वर्षाला हजारो कोटी. त्यातून तेल उद्योग विकास मंडळाच्या हाती सुरुवातीच्या काळात सुमारे 902 कोटी रुपये पडले आणि 1991-92 नंतर अनेक वर्षे काहीच नाही. भाव चढले तेव्हा जुलै 2022 मध्ये जादा कर लावायला सरकारला वेळ लागला नाही. तो डिसेंबर 2024 मध्ये उठला. भाव पडतात तेव्हा कंपन्या सर्वांत आधी पथदर्शी प्रकल्पच बासनात बांधतात, त्याचे काय?

आणखी एक गोष्ट चाचणी सुरू होण्याआधीच कागदावर यायला हवी: जादा तेल म्हणजे कशापेक्षा जादा? काहीही न करता उत्पादन दरवर्षी किती घटले असते, ती रेषा त्रयस्थ संस्थेकडून आखून घ्यावी आणि मग तिला हात लावू नये. एरवी दोन नव्या विहिरींचे तेल नव्या पद्धतीच्या नावावर जमा होते किंवा खऱ्या वाढीवर आक्षेप निघत राहतात. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायसाठी ओएनजीसीने बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक भागीदार नेमले, तिथेही ठरलेल्या पायाभूत उत्पादनापेक्षा किती वाढ झाली यावरच मोजमाप होणार आहे. या कामासाठी अहमदाबादची साठा अभ्यास संस्था आहे, पनवेलच्या ओएनजीसीच्या संस्था आहेत, रसायनांसाठी माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे.

2018 च्या धोरणाची मुदत दहा वर्षांची, म्हणजे ती ऑक्टोबर 2028 मध्ये संपते. आज कोअर प्रयोगशाळेत गेला तर त्या तारखेपर्यंत चाचणीचा निकालही हाती येणार नाही. तेव्हा चाचण्यांच्या खर्चाचा निर्णय व्हायचा तेव्हा होवो, मुदतवाढ येत्या अर्थसंकल्पातच जाहीर करावी.

आपले,
तेलसाठा अभियांत्रिकीत काम केलेले काही वाचक, पनवेल